बाबांचा भोर घाट: दुरुस्त करू की मोडून नवा बांधू?

वरचा बर्थ
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय. घरात या विषयावर बोलायला आता कुणी तयार नाही.

एरंडवण्यातली आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला चालली आहे. मार्चअखेर जागा रिकामी करायची, तीन वर्षं भाड्याने राहायचं, मग नवा फ्लॅट. बायकोने सामानाची यादी केली: कपाटं ३, दिवाण १, रेल्वे. रेल्वेपुढे आकडा नाही, नुसतं प्रश्नचिन्ह.

रेल्वे म्हणजे बाबांचं मॉडेल. एचओ स्केल, १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. टेबल साडेअकरा फूट बाय साडेचार फूट. १९८३ साली सुरू केलं, १९९१ पर्यंत मुख्य काम चाललं होतं. बाबा वीस वर्षं डेक्कन क्वीनने पुणे-मुंबई अपडाउन करत होते, तेव्हा विषय दुसरा कुठला असणार? एका टोकाला कर्जत, दुसऱ्या टोकाला लोणावळा, मध्ये तीन बोगदे, एक कॅच सायडिंग (ताबा सुटलेली गाडी वळवून थांबवायची लाइन) आणि रिव्हर्सिंग स्टेशन (जिथे गाडी थांबून उलट्या तोंडाने पुढे निघते). रूळ आणि दोन इंजिनं ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या इंग्लंडमधल्या भावाने सुटकेसमधून आणलेली. बाकी सगळं बुधवार पेठेतलं, पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतलं आणि आईच्या स्वयंपाकघरातलं.

आजची अवस्था अशी: निम्म्या भागात गाडी चालते, निम्म्यात ढकलावी लागते. खिडकीकडचा डोंगर पावसाळ्यात पोपडे सोडतो. मधल्या बोगद्यात हात घालायला बाहेरून जागाच ठेवलेली नाही. १९८९ साली एक ब्रेकव्हॅन, म्हणजे गार्डचा डबा, आत घसरली, ती आतच आहे. आई होती तोवर पाहुण्यांना सांगायची, "आमच्या घरात एक गार्ड राहतो, भाडं देत नाही."

आणखी एक अडचण. टेबल खोलीतच बांधलं आहे. ते अखंड दारातून बाहेर येणं शक्य नाही. म्हणजे कापायचं तर आहेच. प्रश्न एवढाच की कापून, नेऊन, जोडून दुरुस्त करू, की इंजिनं-डबे खोक्यात भरून बाकीचं सोडून देऊ आणि नवीन बांधू? बाबा ८१ वर्षांचे आहेत. त्यांना विचारलं तर म्हणतात, "तू बघ."

डीसीसी_भाऊ
दादा, स्पष्ट बोलतो, रागावू नका. मोडा. चाळीस वर्षांपूर्वीचं वायरिंग, चाळीस वर्षांपूर्वीचा प्लाय. नवीन बांधा, डीसीसी घ्या (रुळातून डिजिटल आज्ञा देऊन प्रत्येक इंजिन वेगळं चालवणारी यंत्रणा), कोड ७५ म्हणजे कमी उंचीचे रूळ घाला, दिसायलाही नाजूक दिसतात. त्या जुन्यात जितके दिवस घालवाल तितक्यात नवीन धावायला लागेल.

सांधेवाला
डीसीसी भाऊ, पेशंटला न बघता ऑपरेशन सांगू नकोस.

वरचा बर्थ, मी भुसावळला सिग्नल खात्यात होतो, आता निवृत्त. माझा अनुभव असा की "लेआउट जुना झाला" या वाक्याला अर्थ नसतो. जुनं काय झालं ते बोला. खालचं लाकूड, रूळ, रुळाखालचा थर, वायर, सांधे (गाडीचा मार्ग बदलणारे रूळ), वरचा देखावा आणि मूळ आखणी यांचं प्रत्येकाचं आयुष्य वेगळं असतं. सागवानाची चौकट शंभर वर्षं टिकेल, तिच्यावरचा फोम पंधरा वर्षांत मरतो.

रविवारी एक काम करा. टॉर्च घेऊन टेबलाखाली उताणे झोपा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने लाकूड ठोकत जा. भरीव आवाज आला तर पुढे. पोकळ आला किंवा जमिनीवर पिठासारखी पूड दिसली तर तिथे खडूने फुली. भिंतीकडचे पाय आधी बघा, वाळवी नेहमी भिंतीतून येते.

मग वीज. नुसत्या मल्टिमीटरवर विश्वास ठेवू नका, तो भार न टाकता मोजतो आणि सगळीकडे १२ व्होल्ट दाखवतो. गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब घ्या. त्याला दोन वायरी जोडा आणि रुळावर दर दोन फुटांवर टेकवत जा. पावणेदोन अँपिअर ओढतो तो. जिथे तांबडा पडेल तिथे रुळांच्या जोडपट्टीत दम राहिलेला नाही. बल्ब फार वेळ धरून ठेवू नका, तापतो, स्लीपर वितळतील. हे करा आणि मग इथे या.

गोडा मसाला
स्वयंपाकघरातलं म्हणालात म्हणून आले! झाडं कशाची आहेत हो? दगडफूल?

वरचा बर्थ
ताई, बरोब्बर. ग्लिसरीनमध्ये भिजवलेलं दगडफूल, खोडाला खराट्याच्या काड्या. गवत म्हणजे रंगवलेला लाकडाचा भुसा. कर्जतच्या यार्डात काळी रांगोळी. डोंगर कोंबडीच्या जाळीवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या आणि वरून प्लॅस्टर ऑफ पॅरिस. दगडफूल आता हात लावला की चुरा होतो. पण लहानपणी टेबलाखाली बसलं की आमटीचा वास यायचा, तो अजून थोडा येतो. की मला वाटतो, माहीत नाही.

गोडा मसाला
ग्लिसरीनचा असर गेला की दगडफूल असंच होतं. ते वाचवण्याच्या भानगडीत पडू नका. मी गेली बारा वर्षं देखावे करते, आणि माझं मत विचाराल तर सगळ्यात आधी टाकून द्यायची गोष्ट म्हणजे देखावा. लोक उलट करतात, डोंगराला हात लावायचा नाही म्हणून खालचं कुजकं लाकूड सांभाळतात. डोंगर महिनाभरात होतो हो. फक्त आत्ताच्या आत्ता सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा, सकाळच्या उन्हात, फूटपट्टी शेजारी ठेवून.

आणि कापताना मास्क. प्लॅस्टरची धूळ वाईटच, शिवाय त्या काळी काही लोक डोंगराच्या लगद्यात अ‍ॅस्बेस्टॉसची भुकटी मिसळायचे. बाबांना नक्की विचारा.

कुंपणावरचा
धागा छान आहे, पण एक खडा टाकतोच. रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ साली नव्या मार्गामुळे बंद झालं. डेक्कन क्वीन सुरू झाली १ जून १९३० ला. म्हणजे राणीसाहेबांनी रिव्हर्सिंगवर कधी तोंड फिरवलेलंच नाही. तुमच्या टेबलावर दोन्ही एकत्र नांदतात. दुरुस्तीच करायची तर इतिहासापासून करा.

ता.क. आपल्या ब्रॉडगेजचं अंतर १६७६ मिमी. १:८७ ला ते सव्वाएकोणीस मिमी व्हायला हवं. तुम्ही सगळे १६.५ वर चालवता, म्हणजे डबे धोतर नेसून अरुंद पायवाटेवर उभे असल्यासारखे दिसतात. त्याच रुळावर १:१०० ने डबे बांधले तर हिशोब जवळजवळ जुळतो. कुणी बांधत नाही, ते सोडा.

वरचा बर्थ
कुंपणावरचे, ही चूक बाबांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं: जीआयपी रेल्वेच्या इंजिनिअरांना डोंगरात वळायला जागा नव्हती म्हणून त्यांनी रिव्हर्सिंग केलं, मला टेबलावर वळायला जागा नव्हती म्हणून मी केलं. १८६३ ची अडचण आणि १९८३ ची अडचण एकच.

हॅम्बुर्गकर
बाबांचं उत्तर फ्रेम करून लावण्यासारखं आहे.

मी मूळची साताऱ्याची, सतरा वर्षं जर्मनीत. इथे लोक असं अखंड टेबल फारसं बांधतच नाहीत, कारण भाड्याची घरं आणि अरुंद जिने. फ्रेमो नावाची संघटना आहे, १९८१ पासूनची. प्रत्येक जण घरी एक-दोन तुकडे बांधतो, दोन्ही टोकांच्या फळ्या ठरलेल्या मापाच्या, रूळ जमिनीपासून १.३० मीटर उंचीवर. मग एखाद्या गावात क्रीडागृह भाड्याने घेऊन सगळ्यांचे तुकडे जोडतात आणि शनिवार-रविवार वेळापत्रकाप्रमाणे गाड्या चालवतात. माझं स्टेशन साडेतीन मीटरचं आहे, तीन तुकड्यांत मावतं, आमच्या स्टेशन वॅगनमध्ये जातं. नवरा मागच्या सीटवर फळ्यांना धरून बसतो.

सांगायचं काय, तुम्हाला पुढच्या तीन वर्षांत दोनदा घर बदलायचं आहे. जे काही कराल, जुनं किंवा नवं, ते दोन माणसांना लिफ्टमधून नेता येईल अशा तुकड्यांत करा. नाहीतर तीन वर्षांनी हाच धागा परत वर येईल.

बार्शी लाइट
मी उलट्या अनुभवाचा माणूस. कुर्डुवाडीचा. आमच्या गावची छोटी लाइन, काल्थ्रॉपसाहेबाची, १८९७ सालची, अडीच फुटी. ब्रॉडगेज झाल्यावर मला राहवलं नाही म्हणून ९ मिमीच्या रुळावर मॉडेल केलं होतं. ७६२ मिमी भागिले ८७, पावणेनऊ येतं, बसतंय बरोबर.

दहा वर्षांनी बिघडलं. मी दुरुस्त करायला घेतलं. रूळ उचलला तर खालचा प्लाय फुगलेला. प्लाय बदलला तर वायर तोकड्या पडल्या. वायर बदलल्या तर जुने सांधे चालेनात. चार वर्षं गेली राव. त्या चार वर्षांत गाडी एकदाही पूर्ण फिरली नाही आणि मुलगा दहावीला गेला तो बारावी होऊन बाहेर पडला. शेवटी एक दिवस सगळं उचलून ठेवलं. नवीन बांधलं असतं तर पोराबरोबर बांधलं असतं.

डीसीसी_भाऊ
काका, हेच म्हणत होतो मी. जुन्याला ठिगळ लावायला नव्यापेक्षा जास्त कापड लागतं.

सांधेवाला
भाऊ, तुझं म्हणणं चूक नाही, पण कोड ७५ च्या आधी एक विचार. वरचा बर्थ यांची इंजिनं कुठली आहेत?

वरचा बर्थ
एक हॉर्नबी, एक लिमा. डबे बरेचसे लिमाचेच, बाबांनी रंगवलेले. आणि एक प्लॅस्टिक शीट कापून केलेलं डब्ल्यूसीएम जातीचं विजेचं इंजिन, त्याच्या पँटोग्राफला (वरच्या तारेला टेकणारा सांगाडा) सतारीची तार.

सांधेवाला
झालं तर मग. लिमाच्या जुन्या चाकांच्या कडा इतक्या खोल असतात की कोड ७५ वर रूळ पकडणाऱ्या चिमट्यांवरून खडखडत जातात. कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागात. कोड १०० असेल तरच ही चाकं सुखाने चालतील. नाजूक रूळ घालायचे आणि बाबांच्या गाड्या काचेच्या कपाटात ठेवायच्या, हा व्यवहार करायचा का ते आधी ठरवा. मी करणार नाही.

डीसीसी_भाऊ
हे मला माहीत नव्हतं. कोड ७५ मागे घेतो. डीसीसी मागे घेत नाही :)

वरचा बर्थ
रविवारी झोपलो टेबलाखाली. अहवाल देतो, लांबलचक आहे.

लाकूड: चौकट सागवानी, ठणठणीत. पायांपैकी भिंतीकडच्या एकात वाळवी, मातीची नळी वर चौकटीपर्यंत पोचून थांबलेली. खिडकीकडच्या कोपऱ्यात प्लायचे थर सुटलेत, चाकूचं पातं सहज आत गेलं. साधारण दोन बाय तीन फुटांचा भाग मेलेला. बाकी प्लाय चांगला.

रूळ: निकेल सिल्व्हर, कोड १००. नावात सिल्व्हर आहे पण चांदी नाही हे बाबांनी सांगितलं, त्यांना आमच्या आजोबांनी विचारलं होतं म्हणे, विकून किती येतील. रुळाखाली फोम आहे. बोटाने दाबला की काळी भुकटी होते. म्हणजे खडी नुसती हवेवर उभी आहे.

वीज: सांधेवाला काका, तुमचा बल्ब. कर्जतला लख्ख, पलसदरीला पिवळा, बोगद्यानंतर तांबडा, लोणावळ्याला विझल्यातच जमा. पूर्ण वरच्या अर्ध्या भागाला फक्त दोन वायर आहेत, बाकी सगळी भिस्त जोडपट्ट्यांवर.

आता खालची गोष्ट. नऊ विभाग, प्रत्येकाची वेगळी वायर, आणि प्रत्येक वायरीवर जखमेला लावायच्या चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळलेला. त्यावर बॉलपेनने बाबांचं अक्षर. पलसदरी. ठाकूरवाडी. मंकी हिल. नागनाथ. शाई जांभळी होऊन पसरली आहे पण वाचता येतं. एका पट्टीवर "इथे हात लावू नये, चालते आहे" असं लिहिलंय. मी अर्धा तास तिथेच पडून होतो. बायकोला वाटलं पाठ धरली.

आणि एक शोध. मी चढ मोजला. अकरा सेंटिमीटर उंची, दोन मीटर साठ सेंटिमीटर लांबीत. म्हणजे साधारण १ इन २४! खरा भोर घाट १ इन ३७ आहे. आमच्याकडे सहा डब्यांना कायम मागून दुसरं इंजिन लावावं लागायचं आणि बाबा अभिमानाने सांगायचे, कर्जतला बँकर लागतोच, हे अस्सल आहे. अस्सल कसलं, चढच चुकला होता.

कुंपणावरचा
हा हा हा. बँकर लावून वेळ निभावली! मानलं.

हिशोब करायचा तर, एका रुळावरून दुसरा रूळ न्यायला आठ सेंटिमीटर लागतात असं धरा, १ इन ३७ ने त्याला तीन मीटर चढ हवा. कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटर, १:८७ ने ३२२ मीटर. तेव्हा कुणीही खरा घाट बांधत नाही, सगळे आठवण बांधतात. फक्त गाडी चढली पाहिजे.

बार्शी लाइट
वळणांची त्रिज्या किती आहे?

वरचा बर्थ
आतलं वळण ३७१ मिमी, संचासोबत येणारं सगळ्यात लहान. दोन वर्षांपूर्वी मी आयसीएफचे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, दोन डबे मागवले होते, १:८७ चे. साडेचोवीस सेंटिमीटर लांब. वळणावर एकमेकांना कोपरे घासून दर वेळी उतरतात.

सांधेवाला
मग संपलं की. बघा, लाकडाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग चांगला, रूळ वापरण्याजोगे, वायर वाढवता येते, फोम जाणार, देखावा जाणार. हे सगळं दुरुस्त होतं. पण वळण आणि चढ या दोन गोष्टी दुरुस्त होत नाहीत. त्या आखणीत असतात. टेबल साडेचार फुटांचं आहे तोवर वळणं घट्टच राहणार. उद्या एलएचबी, म्हणजे नव्या पद्धतीचे लांब डबे घेतलेत तर ते सत्तावीस सेंटिमीटरचे, ते तर यार्डातून बाहेरच पडणार नाहीत. मी जीर्णोद्धारवाला माणूस, पण जिथे आखणी आड येते तिथे नवीन बांधतात. भोर घाटातही १९२९ ला तेच केलं की.

रूळ मात्र फेकू नका. खडी फेव्हिकॉलने चिकटवली असेल तर कोमट पाणी सोडा, तासाभराने पातळ पत्रा खालून सरकवा, अलगद सुटतात. सांधे सोडवताना घाई केलीत तर पाती वाकतील.

डीसीसी_भाऊ
आता मी उलटं बोलतो, गंमत बघा. डीसीसीसाठी जुनं वायरिंग फेकावं लागत नाही. नऊच्या नऊ स्विच चालू करा आणि जुन्या कंट्रोलरच्या जागी डीसीसीच्या वायर जोडा, चालतं. जुना कंट्रोलर मात्र पूर्ण काढून ठेवा, दोन्ही एकदम रुळाला लागले तर डीसीसी गेलाच. वायर जाडीला पुरते का बघायला रुळावर कुठेही एक रुपयाचं नाणं आडवं ठेवा. सिस्टिमने लगेच ट्रिप व्हायला हवं. नाही झालं तर तिथली वायर बारीक आहे, बदला. इंजिनांचं काम थोडं जास्त आहे, जुन्या मोटरचा ब्रश चासीला टेकलेला असतो, तो आधी वेगळा करावा लागतो, नाहीतर डीकोडर (इंजिनातली डीसीसीच्या आज्ञा वाचणारी चिप) जळतो. माझे दोन जळलेत.

हॅम्बुर्गकर
एक जुनी गोष्ट आठवली. अमेरिकेत माँटेरेला जॉन अ‍ॅलन नावाचे छायाचित्रकार होते, या छंदातलं फार मोठं नाव. त्यांचं तळघरभर पसरलेलं प्रसिद्ध मॉडेल हे त्यांचं तिसरं. पण त्यात त्यांनी आपलं अगदी पहिलं, चार बाय सात फुटांच्याही आतलं छोटं मॉडेल तसंच्या तसं बसवून टाकलं होतं. नव्याचा एक कोपरा म्हणून. १९७३ च्या जानेवारीत ते गेले आणि काही दिवसांतच आग लागून बहुतेक सगळं संपलं, तो भाग वेगळा. पण युक्ती चांगली आहे. सगळं ठेवू नका, सगळं टाकू नका. एक तुकडा असा निवडा जो स्वतःच्या पायावर उभा राहू शकेल.

गोडा मसाला
+१. आणि तो तुकडा कुठला हे बाबांना विचारा. "तू बघ" म्हणणाऱ्या माणसाला "काय करू" विचारायचं नसतं, "कुठे कापू" विचारायचं.

वरचा बर्थ
ताई, तुमचं वाक्य घेऊन काल रात्री बाबांकडे गेलो. हातात पेन्सिल आणि टेबलाचा फोटो.

दहा मिनिटं फोटो बघत होते. मग म्हणाले, "कर्जत काढून टाक. कर्जत मला कधी जमलंच नाही, घाईत केलं, त्या वर्षी ऑडिट होतं." मी म्हटलं, आणि लोणावळा? "लोणावळ्याला वळण घट्ट आहे. माहीत होतं मला. पण मोठं केलं असतं तर दार उघडलं नसतं." मग चढाचं सांगितलं, १ इन २४. हसले नाहीत, रागावलेच. म्हणाले, "बावीस होता. मी दोनदा उतरवला."

रिव्हर्सिंगवर बोट ठेवून म्हणाले, हे राहू दे.

मला खरं तर वाटलं होतं की सगळंच ठेव म्हणतील आणि मला त्यांची समजूत काढावी लागेल. समजूत माझीच काढली गेली.

आठवलं म्हणून सांगतो, १९९८ साली कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम सुरू झालं तेव्हा आम्ही गेलो होतो. सगळी पोरं वर सिग्नल आणि गाड्या बघत होती. बाबा वाकून टेबलाखाली काय दिसतंय ते बघत होते. परत येताना रिक्षात म्हणाले, "खाली हात घालायला जागा पाहिजे, खरं काम तिथे असतं." त्यानंतर त्यांनी घरच्या टेबलावर फारसं काही केलं नाही. मला तेव्हा वाटलं, उत्साह संपला. आता वाटतं, त्यांना दिसलं होतं.

बार्शी लाइट
हे वाचून मी वरचं खोकं खाली काढलं. एवढंच.

सांधेवाला
मग असं करा. रिव्हर्सिंगचा तुकडा साधारण चार फूट बाय अडीच फूट कापा. कापायच्या आधी कापरेषेच्या दोन्ही बाजूंना खालून पट्टी मारा, नाहीतर करवतीच्या धक्क्याने सगळं हलेल. रूळ आधी कापायचा, लाकूड नंतर. रूळ कापायच्या जागी दोन्ही बाजूला पितळी स्क्रू प्लायमध्ये बसवा, रुळाच्या तळाच्या उंचीला, आणि रूळ त्याला झाळा. मग कापा. रुळाची टोकं जन्मभर हलणार नाहीत. हे कुठल्याही पुस्तकापेक्षा उपयोगी पडेल.

जिगसॉ चालवताना खालच्या वायरी कापू नका. आधी प्रत्येक वायर विभागाच्या टोकाला सोडवा. चिकटपट्ट्या ठेवा.

आणि नवीन भागाची मापं बिल्डरच्या नकाशावरून घेऊ नका. हातात किल्ली येईपर्यंत त्या नकाशातली भिंत कुठे असेल ते विठोबालाच ठाऊक. तोवर भाड्याच्या घरात चार फुटांचे दोन साधे तुकडे करा, सरळ रेषेत, भिंतीला लागून. एका टोकाला रिव्हर्सिंग, दुसऱ्या टोकाला छोटं यार्ड. गाडी इकडून तिकडे जाईल, तोंड फिरवेल, परत येईल.

डीसीसी_भाऊ
प्लाय १८ मिमीचा नको. आठ बाय चारचं एक शीटच तीस-पस्तीस किलो भरतं. १२ मिमी वरती आणि खाली उभ्या पट्ट्यांची पेटी करा, ताकद तीच, वजन निम्मं. मी शनिवारी पुण्यात आहे. करवत आहे माझ्याकडे.

वरचा बर्थ
झालं. शनिवारी सकाळी नऊला सुरू केलं, दीडला संपलं. डीसीसी भाऊ खरंच आला, घरच्यांनी त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही. बाबा खुर्ची घेऊन दारात बसले होते आणि अ‍ॅस्बेस्टॉसचं विचारल्यावर म्हणाले, "नाही, नुसतं प्लॅस्टर आणि सकाळ." म्हणजे वर्तमानपत्र. मास्क तरीही लावले.

पितळी स्क्रूची युक्ती लाखमोलाची. कापताना रूळ तसूभर हलला नाही. खिडकीकडचा मेलेला कोपरा तर हातानेच सुटला.

मधला बोगदा रिव्हर्सिंगच्या तुकड्याच्या कडेलाच येतो. कापरेषा त्याच्या अगदी तोंडाशी पडली. करवत बाहेर काढल्यावर भाऊने टॉर्च मारला आणि म्हणाला, "काका, आत काहीतरी आहे." बाबा उठून आले. काडीला तारेचा आकडा करून ओढली. ब्रेकव्हॅन. छपरावर बोटभर धूळ, एका बाजूचा बफर तुटलेला, बाबांनी पांढऱ्या रंगात काढलेलं एक्स चिन्ह अजून स्पष्ट. आत गार्डही आहे, काडीपेटीच्या काडीचा केलेला, निळा कोट.

बाबांनी ती रुळावर ठेवून बोटाने ढकलली. चाकं फिरत नाहीत, घसटत गेली. धुऱ्यांवर हिरवट थर आहे आणि जुनं तेल घट्ट होऊन गोंदासारखं झालंय.

तर आता प्रश्न. प्लॅस्टिकचं अंग, लोखंडी धुरे, रंग हाताने दिलेला जुना इनॅमल. हा गोंद कशाने काढू? रंग जाता कामा नये.

सांधेवाला
आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काडीने, फक्त धुऱ्याच्या टोकाला. थिनर घराबाहेर ठेवा. एका दिवसात सुटलं नाही तर परत लावा, जोर देऊ नका. सुटल्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब, टाचणीच्या टोकावर मावेल इतकाच.

हॅम्बुर्गकर
आणि नव्या बोगद्याला मागून दार ठेवा हो.

वरचा बर्थ
बाबांनी काल रात्रीच आखून दिलं. नऊ बाय सात इंच. मी म्हटलं इतकं मोठं कशाला, तर म्हणाले, तुझे हात बघ केवढे आहेत.